डोमेन विकायला मेल टाकताय? आधी गिऱ्हाईकं मोजा

सातरस्ता (धागाकर्ता)

डोमेन, म्हणजे आपल्या नावावर नोंदवून ठेवलेला वेबसाइटचा पत्ता, मेलनं विकायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: मसुदा द्या. मसुदा सगळ्यात शेवटी लागतो. आधी यादी. ज्या नावासाठी निदान १५ कंपन्या नावानिशी, वेबसाइटसकट कागदावर उतरवता येत नाहीत, ते नाव मेल पाठवून विकण्याच्या लायकीचं नाही. त्याला मार्केटप्लेसवर (डोमेन खरेदी-विक्रीच्या साइटवर) किंमत लावून ठेवा, नाहीतर मुदत संपली की सोडून द्या.

यादीत कोण बसतं? तुमचं नाव ज्याच्या सध्याच्या नावापेक्षा उघड उघड बरं आहे आणि जो वेबसाइटवर आजही पैसे घालतो. दोन्ही पाहिजे. आपल्या सोलापूरचंच घ्या. समजा 'हॉटेल' आणि 'टॉवेल' हे दोन शब्द जोडलेलं सरळ डॉट कॉम हातात आहे. अक्कलकोट रोडला आणि चिंचोळी एमआयडीसीत टेरी टॉवेल काढणारे ढिगानं सापडतील. पण त्यातल्या कित्येकांचा इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे इंडियामार्टचं पान आणि एक जीमेल. पैसा नाही म्हणून नव्हे. माल व्यापाऱ्यामार्फत जातो, त्यामुळे नावाची नड भासत नाही. यांच्यावर मेल वाया घालवू नका.

नड कुणाला असते? ज्याच्या वेबसाइटचा पत्ता कंपनीच्या पूर्ण नावाइतका लांबलचक आहे. ज्याच्या पत्त्यात दोन-दोन हायफन आहेत आणि जो फोनवर स्पेलिंग सांगून थकतो. किंवा जो 'हॉटेल टॉवेल सप्लायर' या शब्दांसाठी गुगलला जाहिरातीचे पैसे मोजतो. हा शेवटचा सगळ्यात चांगला, कारण त्या शब्दांची किंमत त्याला आधीच कळलेली आहे.

अशी माणसं शोधायला फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल या घरगुती कापडाच्या प्रदर्शनातल्या स्टॉलधारकांची यादी उत्तम. ते जानेवारीत भरतं, म्हणजे इकडे गड्ड्याची जत्रा आणि तिकडे हाइमटेक्स्टिल. स्टॉलचं भाडं भरणारा परदेशी गिऱ्हाईक शोधतोय हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. शिवाय टेक्सप्रोसिल या सुती कापड निर्यात परिषदेचे सभासद आणि गुगल मॅप. आणि सोलापुरात थांबू नका. करूर आणि पानिपतलाही हाच धंदा आहे, अमेरिकेत हॉटेलांना लिनन पुरवणारे आहेत. डोमेनमध्येच 'सोलापूर' असेल तरच यादी गावात थांबते.

तक्त्यात सहा रकाने ठेवा: कंपनी, सध्याची वेबसाइट, निर्णय घेणाऱ्याचं नाव, मेल, फोन, आणि 'हा का घेईल' याची एक ओळ. शेवटचा रकाना भरता आला नाही तर ती कंपनी खोडा. साठ नावांची यादी अशानं वीसवर येते, आणि तेच हवं असतं.

पुढचं जाणकारांनी भर घालावी.

रिन्यूअल_फी

यादीच्या मुद्द्याला +१. त्यात हिशेब घाला. डॉट कॉमचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. रजिस्ट्रारचा (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीचा) नफा आणि जीएसटी धरून वर्षाला हजार-बाराशे रुपये पडतात. ४० नावं म्हणजे ४० ते ४८ हजार. त्यातली विकण्याजोगी सहा-सातच असतील तर उरलेली तुमच्या सौद्यातला नफा खातात. मेल मोहीम सुरू करायच्या आधी अर्धी नावं टाकून देणं हा पहिला व्यवहार समजा.

एक बारीक गोष्ट. मुदत संपायला दोन-तीन महिने उरलेलं डोमेन विकायला काढू नका. हुशार गिऱ्हाईक मुदतीची तारीख तपासतं आणि वाट बघतं. डॉट कॉम संपल्यावर रजिस्ट्रीचा ४५ दिवसांपर्यंतचा सवलतीचा काळ, मग ३० दिवसांचं रिडेम्प्शन (दंड भरून सोडवण्याची मुदत), मग ५ दिवस पेंडिंग डिलीट (पुसलं जाण्याची वाट). पण पुष्कळ रजिस्ट्रार त्या ४५ दिवसांतच नाव लिलावाला लावतात. म्हणजे तुमच्याच मेलमुळे जागा झालेला माणूस तुमच्याकडून न घेता लिलावातून उचलतो. आधी एक वर्ष भरा, मग मेल करा.

पोस्टमास्तर

तांत्रिक बाजू मी लिहितो. निम्मे मेल पोचतच नाहीत आणि विकणारा समजतो की नकार आला.

सगळ्यात महत्त्वाचं: जे डोमेन विकायचंय त्याच्यावरून मेल पाठवायचे नाहीत. लोकांनी स्पॅम म्हणून दाबलं तर डाग त्या नावाला लागतो, आणि घेणाऱ्यानं उद्या त्यावर ऑफिसचा मेल सुरू केला की त्याचे मेल स्पॅममध्ये. विकाऊ माल स्वतःच नासवण्याचा हा प्रकार. मेलसाठी वेगळं, तुमच्या स्वतःच्या नावाचं किंवा फर्मचं डोमेन घ्या आणि त्यावर एक पानाची खरी वेबसाइट ठेवा. मेल मिळाला की माणूस पहिल्यांदा तेच उघडून बघतो.

त्या डोमेनला एसपीएफ (मेल कुठून पाठवायला परवानगी आहे त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते) या तीन नोंदी लागतात. नेहमीचे घोटाळे असे. होस्टिंगवाल्यानं आधीच एसपीएफची नोंद टाकलेली असते, तुम्ही गुगल वर्कस्पेस घेता आणि दुसरी टाकता. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की तपासणी चुकीची ठरते आणि दोन्ही निकामी. दोघांचे पत्ते एकाच ओळीत घाला. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधणारी यंत्रणा) चौकशा १० च्या आत ठेवा, ती कडक मर्यादा आहे. डीकेआयएमची २०४८ बिटची किल्ली लांब असते. टीएक्सटी नोंदीतल्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, म्हणून काही जुन्या पॅनेलात ती अर्धवट कापली जाते. पेस्ट केल्यावर शेवटची अक्षरं जुळवून बघा. डीमार्क सुरुवातीला नुसतं 'नन' (कारवाई नको) ठेवा, अहवाल येऊ द्या, सगळं स्वच्छ दिसलं की 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये) करा.

गुगल आणि याहूनं फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. गुगलचा आकडा दिवसाला ५,००० चा आहे. तुम्ही तिथवर जाणार नाही, जाऊही नये. पण स्पॅम तक्रारींचं ०.३ टक्के हे प्रमाण लक्षात ठेवा. रोज पंधरा मेल पाठवणाऱ्याला एक तक्रारसुद्धा जड जाते. म्हणून दिवसाला १० ते १५, प्रत्येक वेगळा, हातानं लिहिलेला. नवीन डोमेन असेल तर पहिले दोन-तीन आठवडे ओळखीच्यांशी खराखुरा पत्रव्यवहार करा, मग अनोळखी.

अंदाजानं पत्ते बनवू नका. 'इन्फो', 'सेल्स', 'कॉन्टॅक्ट' अशा तीन ठिकाणी एकदम टाकले की दोन बाउन्स होतात, म्हणजे न पोचता परत येतात, आणि बाउन्सचाही डाग लागतो.

आणि मेल उघडला का हे बघायला अदृश्य चित्र घालायची सवय सोडा. अॅपलनं २०२१ मध्ये मेल प्रायव्हसी आणल्यापासून ते चित्र माणसानं मेल न उघडताही आपोआप उतरवून घेतलं जातं. आकडा खोटा, स्पॅमचा धोका खरा.

कडक_भाकरी

पोस्टमास्तर, जीमेलच्या फुकट खात्यावरून पाठवले तर?

पोस्टमास्तर

पोचायला पोचतात. पण पाच-पन्नास हजारांचा व्यवहार करू पाहणारा माणूस फुकट खात्यावरून लिहितो, यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही. त्यातून नावं विकणारा माणूस स्वतःच्या नावाचं डोमेन वापरत नाही हे जरा हलवायाच्या घरी साखर नसल्यासारखं दिसतं.

सातरस्ता

आता मसुदा. उदाहरण मराठीत देतो. इंग्रजीतही गोष्टी याच.

विषयाच्या जागी फक्त डोमेनचं नाव. 'सुवर्णसंधी', 'तातडीचं', 'तुमच्या डोमेनबद्दल' असलं काही नाही.

"नमस्कार. आपली फर्म हॉटेलांना टॉवेल आणि नॅपकिन पुरवते हे आपल्या वेबसाइटवर वाचलं. अमुक डॉट कॉम हे नाव माझ्या मालकीचं आहे आणि मी ते विकत आहे. आपल्या सध्याच्या पत्त्यापेक्षा ते आखूड आहे आणि परदेशी खरेदीदाराला फोनवर सांगायला सोपं. रस असेल तर एका ओळीचं उत्तर द्या, किंमत आणि हस्तांतराची पद्धत कळवतो. नको असल्यास तसं कळवा, पुन्हा मेल येणार नाही."

खाली पूर्ण नाव, मोबाइल, टपालाचा पत्ता. लिंक नाही, फाइल नाही, लोगो नाही. डोमेनचं नाव टाइप केलं की अनेक प्रोग्राम आपोआप लिंक करतात, तेवढी चालेल.

त्या नावावर मात्र काहीतरी उघडलं पाहिजे. 'हे नाव विक्रीस आहे', संपर्काचा फॉर्म आणि चालू असलेलं एसएसएल (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र). रिकामं पान किंवा सुरक्षिततेचा लाल इशारा दिसला तर मेल फुकट गेला.

मूल्यांकनाच्या साइटवर आलेला आकडा मेलमध्ये टाकायचा मोह होतो. टाकू नका. ते यंत्राचे अंदाज आहेत, आणि समोरचा तोच आकडा दुसऱ्या साइटवर तपासून निम्मा निघाला म्हणून दाखवतो. तुमच्या स्वतःच्या अंदाजासाठी डोमेन विक्रीची नोंद ठेवणाऱ्या नेमबायो साइटवर तसल्याच शब्दांचे झालेले सौदे बघा.

चौथा_शनिवार

मसुदा ठीक आहे, पण किंमत न सांगण्याशी असहमत. 'किंमत कळवतो' म्हटलं की आपल्याकडचा मालक दोन अर्थ काढतो: एक, हा माणूस माझा खिसा बघून सांगणार, दोन, वेळ जाणार. ३० हजारांच्या आतल्या नावाला पहिल्याच मेलमध्ये किंमत लिहा. उत्तरं कमी येतील, पण येतील ती खरी. लाखाच्या पुढचं नाव असेल तर थांबा, तिथे संवाद लागतो.

रिन्यूअल_फी

लाखाच्या पुढच्या नावाबद्दल सहमत. खालच्याला मी तरी मधला मार्ग घेईन: किंमत मेलमध्ये नाही, पण डोमेनच्या पानावर 'लगेच खरेदी' म्हणून स्पष्ट लिहिलेली. ज्याला घाई आहे तो बघतोच. फक्त पानावर एक आणि फोनवर दुसरी असं व्हायला नको. आणि मेल पाठवायच्या आधी खालची मर्यादा कागदावर लिहून ठेवा. ऐनवेळी ठरवली की माणूस घासाघिशीत हरतो.

चौथा_शनिवार

पानावर किंमत असेल तर माझी तक्रार नाही.

काळाकोट

कायद्याचं बोलतो, कारण वरच्या मसुद्यातलं 'मी ते विकत आहे' हे वाक्य चुकीच्या माणसाला गेलं तर तोच पुरावा होतो.

डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या यूडीआरपी या तंटा-धोरणात, १९९९ पासून, वाईट हेतूची उदाहरणं दिली आहेत. त्यातलं पहिलंच असं: ट्रेडमार्कच्या मालकाला किंवा त्याच्या स्पर्धकाला, खर्चापेक्षा जास्त किमतीत विकण्याच्या मुख्य उद्देशानं नाव घेणं. म्हणजे कुणाच्या ब्रँडचं डॉट कॉम घेऊन त्यालाच मेल केला तर खटल्याचं निम्मं काम तुम्हीच करून दिलं. हे तंटे चालवणाऱ्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) कडे एका पंचासमोर पाच नावांपर्यंतच्या तक्रारीची फी १,५०० डॉलर आहे. ती तक्रारदार भरतो, पण नाव तुमच्याकडून फुकट जातं. कंपनीचा ट्रेडमार्क अमेरिकेतला असेल तर तिथल्या १९९९ च्या कायद्यात दर नावामागे १,००० ते १,००,००० डॉलर भरपाईची तरतूद आहे. डॉट इनला आयएनडीआरपी हे वेगळं तंटा-धोरण आहे, त्यात ट्रेडमार्कबरोबर नुसतं 'नाव' हाही शब्द आहे, म्हणजे जाळं मोठं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या प्रकरणात डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं हे सांगून ठेवलंय.

म्हणून मेलच्या आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात नाव टाका. चादर-टॉवेल वर्ग २४, युनिफॉर्म आणि तयार कपडे वर्ग २५, शेंगाचटणी-मसाले वर्ग ३०, ताजी फळं वर्ग ३१. हुबेहूब नाही, उच्चारानं जवळचंही शोधा.

पार्किंगच्या (रिकाम्या डोमेनच्या पानावर आपोआप दिसणाऱ्या) जाहिराती बंद करा. टॉवेलच्या नावावर दुसऱ्या ब्रँडच्या टॉवेलच्या जाहिराती दिसत असतील तर तो स्क्रीनशॉट तक्रारीला जोडला जातो.

आता गावाचा मुद्दा. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल दोन्हींना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. २०१६ मध्ये सोलापूर डाळिंब आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही मिळाला. 'सोलापूर' अधिक 'चादर' असं डोमेन तुमच्याकडे असेल तर गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न बाजारापेक्षा कायदा जास्त ठरवतो.

होटगी_रोड

म्हणजे असं नाव घ्यायचंच नाही का? सोलापुरात बसून 'सोलापूर चादर' नाही घ्यायचं तर काय कोल्हापूर चप्पल घ्यायची? (तीही जीआयच आहे म्हणा.)

काळाकोट

घ्यायचं नाही असं नाही. जीआय म्हणजे ट्रेडमार्क नाही. यूडीआरपीत तक्रार करायला ट्रेडमार्कचा हक्क लागतो, नुसत्या जीआयवर ती टिकत नाही. पण जीआय कायदा वेगळा आहे, आणि त्याखाली ते नाव त्या भागातल्या खऱ्या मालालाच वापरता येतं. दुसऱ्या शहरात चादर विणून 'सोलापुरी' म्हणून विकणारा तुमचं डोमेन आनंदानं घेईल, जास्त पैसेही देईल. आणि वापरायला लागला की अडकेल, पैसे परत मागायला तुमच्याकडे येईल. अशा नावाची यादी फक्त इथल्या उत्पादकांची हवी. त्यातही जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले आधी. विक्रीच्या करारात एक ओळ टाका की विकणारा फक्त डोमेनची नोंदणी देतोय, जीआय वापरायचा हक्क नाही.

पूर्वभाग

मेल मेल करायलात, पण सोलापूरच्या पूर्वभागातल्या कारखान्यात मेल कोण बघतं हो? अकाउंटचा पोरगा बघतो, आणि तो जीएसटीच्या नोटिसा सोडून बाकी सगळं पुसतो. इथे मेल हा कागद म्हणून पाठवायचा आणि सौदा फोनवर करायचा. क्रम असा ठेवा: सकाळी मेल, दुसऱ्या दिवशी साडेअकरा-बाराला फोन. सकाळी दहाला माल सुटायची गडबड असते, दुपारी दोननंतर मालक जागेवर नसतो. फोनवर एवढंच: "अण्णा, काल तुमच्या ऑफिसच्या मेलवर एक पत्र टाकलंय, डोमेनचं. बघून घ्या, परवा करू का फोन?" व्हॉट्सअॅपवर थेट किंमत टाकू नका, ते पुढे ढकललं जातं आणि चार ठिकाणांहून चार आकडे परत येतात.

मालक घरात तेलुगू बोलतो म्हणून तुम्ही मोडकं तेलुगू बोलायची गरज नाही. फोनवर मराठी किंवा हिंदी चालते. मेल मात्र सोप्या इंग्रजीत, कारण तो पुढे मुलाकडे किंवा वेबसाइट करणाऱ्याकडे जातो.

आणि तिथेच गंमत होते. वेबसाइटवाला म्हणतो, "कशाला एवढे पैसे, मी तुम्हाला हायफन घालून हजारात देतो." त्याला शत्रू करू नका. मेलची प्रत (सीसी) त्यालाही पाठवा आणि लिहा की डीएनएस बदलाचं काम त्याच्याकडूनच करून घेता येईल. त्याचं काम जात नाही हे कळलं की विरोध मावळतो.

वेळ बघा. युनिफॉर्मवाले फेब्रुवारी ते जूनमध्ये मान वर करत नाहीत, शाळा उघडायच्या आत माल द्यायचा असतो. त्यांना ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गाठा. गड्ड्याच्या आठवड्यात कुणालाच नाही. मार्चअखेरीला तर नकोच नको.

सातरस्ता

पूर्वभाग, वेबसाइटवाल्याचा मुद्दा मोलाचा. मसुद्यात सुधारणा म्हणून घेतो.

अमेरिकेच्या यादीसाठी वेळ: न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. मंगळवार ते गुरुवार. तिथल्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार विषय फसवा नको, टपालाचा पत्ता हवा, आणि 'नको' म्हटल्यावर १० कामकाजी दिवसांत थांबायला हवं. मसुद्यातला पत्ता त्यासाठी आहे, शोभेला नाही. कॅनडात २०१४ पासून संमतीशिवाय धंद्याचा मेल पाठवण्यावर कडक बंधनं आहेत, जर्मनीतही कायदा कडक. हे दोन देश यादीतून वगळा.

पहिल्या मेलनंतर पाच कामकाजी दिवसांनी त्याच धाग्यात दोन ओळींची आठवण. मग दोन आठवड्यांनी शेवटची. तिसऱ्यानंतर बंद. 'दुसऱ्या एकानं बोली लावली आहे' असं खोटं लिहू नका. एकाच गल्लीतल्या दोघांना तेच लिहिलं की संध्याकाळी चहाच्या टपरीवर दोघं मेल ताडून बघतात.

बोराटी_नाका

एक राहिलं. आपला मेल ठगांच्या मेलसारखा दिसतो, म्हणून पुसला जातो. दोन ठगी फार चालतात. 'तुमचं डोमेन संपतंय, पैसे भरा' आणि 'चीनमधली एक कंपनी तुमच्या नावाचं डोमेन घेऊ पाहतेय, आधी तुम्ही घ्या'. म्हणून मेलमध्ये 'एक्स्पायरी', 'रिन्यू', 'शेवटची तारीख', 'तुमचा ब्रँड' हे शब्द येऊच देऊ नका.

उलट दिशेचीही ठगी आहे. मेल पाठवल्यावर दोन दिवसांत परदेशातून उत्साही उत्तर येतं, किंमतही मान्य, फक्त 'अमुक साइटचं मूल्यांकन प्रमाणपत्र लागेल'. ती साइट त्याचीच. फी भरली की गिऱ्हाईक गायब. खरा घेणारा विकणाऱ्याकडून कधीही प्रमाणपत्र मागत नाही. तसंच एस्क्रो (सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारी त्रयस्थ सेवा): समोरच्यानं पाठवलेल्या लिंकवरून जायचं नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा.

कडक_भाकरी

'डॉट भारत'ची देवनागरी नावं घेऊन ठेवलीत काहींनी. त्यांना गिऱ्हाईक मिळेल का मेलनं?

पोस्टमास्तर

२०१४ मध्ये सुरू झालं ते. वेबसाइटला ठीक. पण अनेक प्रोग्राम अजून त्या नावावरचा मेलपत्ता स्वीकारत नाहीत, आणि काही ठिकाणी पत्ता देवनागरीऐवजी अगम्य इंग्रजी अक्षरांच्या माळेत दिसतो. घेणाऱ्याला आधी समजावून सांगावं लागेल, मग विकावं लागेल. मेलनं विकायचं तर समजावण्याचं काम शून्य असलेलं नाव हवं. सोडून द्या.

चौथा_शनिवार

होकार आला असं धरू. पुढे गोंधळ जास्त होतात, तेव्हा सविस्तर लिहितो.

आधी मेलवर चार गोष्टी नक्की करा: डोमेनचं अचूक स्पेलिंग, रक्कम रुपयांत की डॉलरमध्ये, जीएसटी धरून की सोडून, एस्क्रोची फी कोणाची. परदेशी व्यवहाराला एस्क्रो डॉट कॉम. दोघं अटी मान्य करतात, घेणारा पैसे एस्क्रोत भरतो, एस्क्रो 'पैसे आले' म्हणते, मग तुम्ही नाव देता, तपासणीची मुदत संपते, मग पैसे सुटतात. 'पैसे आले' ही खूण तुमच्या खात्यात लॉगिन करून बघायची, मेलवर विश्वास नाही. पेपॅलवर पैसे परत मागितले जाण्याचा धोका राहतो, अनोळख्याकडून मोठी रक्कम त्यावर नको.

नाव देण्याचे दोन मार्ग. दोघांचं खातं एकाच रजिस्ट्रारकडे असेल तर 'पुश', म्हणजे नाव एका खात्यातून दुसऱ्यात टाकणं, काही मिनिटांत होतो. वेगळे रजिस्ट्रार असतील तर ट्रान्सफर: कुलूप काढा, ऑथ कोड (नाव हलवायचा गुप्त कोड) घ्या, तो घेणाऱ्याला द्या, आणि तुमच्या रजिस्ट्रारचा मंजुरीचा मेल आला की लगेच मान्य करा. मान्य न करता बसलात तर पाच दिवस जातात. नवीन नोंदवलेलं किंवा नुकतंच दुसरीकडून आणलेलं डॉट कॉम ६० दिवस हलवता येत नाही. म्हणून विकायला काढलेलं नाव उगाच या रजिस्ट्रारकडून त्या रजिस्ट्रारकडे नेऊ नका. आणखी एक फसगत: ट्रान्सफरच्या आधी मालकाचं नाव किंवा मेलपत्ता दुरुस्त केला तर त्या बदलामुळेही ६० दिवसांचं कुलूप पडू शकतं. जुना मेलपत्ता बंद पडला असेल तर तो मोहिमेच्या दोन महिने आधी बदला. डॉट इनला घेणाऱ्याकडून केवायसी मागितली जाते, त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो तुमच्यावर संशय घेतो.

ट्रान्सफर झाल्यावर डीएनएस तपासा. नेमसर्व्हर जुनेच राहिले तर घेणाऱ्याला तुमचं 'विक्रीस आहे' पान दिसत राहतं आणि तो फोन करून भांडतो.

होटगी_रोड

परदेशाचं झालं. नवी पेठेतला मालक एस्क्रोला पैसे भरणारच नाही. तो म्हणतो, "तुम्ही नाव करा की, चेक देतो." त्याचं काय करायचं?

चौथा_शनिवार

चेक वटल्याशिवाय कोड नाही, एवढं सौम्य शब्दांत. पुढच्या तारखेचा चेक तर नकोच. कापडाच्या धंद्यात साठ-नव्वद दिवसांची उधारी चालते, पण टॉवेल परत आणता येतो, गेलेलं डोमेन परत आणायला वर्ष लागतं.

यूपीआयची नेहमीची रोजची मर्यादा एक लाख आहे. त्यावर एनईएफटी, दोन लाखांपासून पुढे आरटीजीएस; दोन्ही आता चोवीस तास चालतात, त्यामुळे 'बँक बंद आहे' हे कारण टिकत नाही. दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. कुणी निम्मे रोख म्हणालं तर नको म्हणा.

अविश्वास दोन्हीकडून असेल तर समोरासमोर बसा. त्याच्या ऑफिसात, त्याच्या कॉम्प्युटरवर, त्याच रजिस्ट्रारकडे त्याचं खातं उघडा. ५०० च्या स्टँपवर एक पानी करार: डोमेन, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, आणि काळाकोट यांनी सांगितलेली जीआयची ओळ असेल तर ती. त्यानं आरटीजीएस करायचं, तुमच्या बँकेचा संदेश आला की तुम्ही तिथेच पुश करायचा. चहा येईपर्यंत काम होतं.

पूर्वभाग

पुश झाल्यावर त्याच्या खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावून द्या, आणि रिकव्हरीचा मोबाइल नंबर मालकाचा ठेवा. वेबसाइटवाल्याचा नको. नाहीतर तीन वर्षांनी रिन्यूअलचा मेल त्याला जातो, त्याचं मालकाशी तोपर्यंत बिनसलेलं असतं, आणि फोन तुम्हाला येतो.